मीटर निळं करून घेणाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय गाडीमालक,
एमएच-१३, निळं मीटर,
मुक्काम पोस्ट सोलापूर.



पत्रास कारण की, आपल्या जुन्या गाडीचं मीटर आपण एलईडी लावून निळं करून घेतल्याचं समजलं. अभिनंदन! समजलं म्हणजे कुणी येऊन सांगावं लागलं नाही. रात्री सात रस्त्याच्या सिग्नलला आपली गाडी शेजारी उभी राहिली की आपला चेहरा, स्टिअरिंगवरचे हात, डॅशबोर्डवरचे सिद्धेश्वर महाराज आणि मागच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्या मातोश्री, असं सगळं कुटुंब निळं दिसतं. शेजारी बसलेला मित्र "कडक दिसूलालंय बे!" म्हणून पावतीही देतो. गड्डा यात्रेची रोषणाई सोलापूरकरांना वर्षातून एकदा, संक्रांतीच्या सुमारास बघायला मिळते. आपण ती बारमाही केलीत, आणि तीही पाच बल्बांच्या खर्चात.

काम नाजूक असतं याची मला कल्पना आहे. आधी बॅटरीची मायनस वायर सोडवायची (आपल्या वायरमनने ती सोडवली नव्हती, असं मी गृहीत धरतो). मग मीटरभोवतीची प्लास्टिकची चौकट. सोलापूरचे वीस उन्हाळे खाल्लेलं ते प्लास्टिक, त्याचे कान नुसत्या नजरेनेही तुटतात. मागची स्पीडोमीटरची केबल निसटवली की मीटर हातात येतं. उलटं करून बघितलं तर पाठीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा, त्यावर तांब्याच्या रेघा आणि जागोजाग नखाएवढे होल्डर. होल्डर पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. त्यात काचेचा इवलासा बल्ब, बुडाशी दोन तारा दुमडलेल्या, एखाद्याच्या डोक्यावर हिरव्या रबराची टोपी, तीही वाळून कडक झालेली. तो बल्ब ओढून काढायचा आणि त्या जागी एलईडी खोचायचा. निम्मे पेटत नाहीत, कारण एलईडीला प्लस-मायनस कळतं, साध्या बल्बाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. उलटा करून खोचला की पेटतो. पण तोवर तोंडात टॉर्च धरून बसलेला वायरमन "माल डुप्लिकेट आहे" असं सांगून मोकळा झालेला असतो.

एवढ्या खटाटोपाने वीज वाचते, असं आपण मित्रांना सांगता. वाचते ना! मीटरमागचे पाच बल्ब मिळून दहा-पंधरा वॉट खात असतील, ते आता दोनेक वॉटवर भागत असेल. पुढचे दोन हेडलाइट मात्र अप्परला एकशे वीस वॉट खातात, आणि ते आपण भर गावातही अप्परलाच ठेवता. त्या अप्परकडे येतोच.

रंगाची निवडही अभ्यासू आहे. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच करून दाखवला होता. निळा मात्र पुढची तीस वर्षं कुणाला धड जमेना. जपानमधल्या तोकुशिमाच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तो झगझगीत करून दाखवला, आणि आकासाकी व अमानो यांच्यासह त्यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कशासाठी? निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणाऱ्या रसायनाचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो आणि घरोघरची वीज वाचते, म्हणून. आपण लेपाची वाट न बघता अलीकडच्याच थांब्यावर उतरलात.

आता थोडं मीटरबद्दल. मीटर वाचायचं असतं, ही जुनी समजूत आपण मोडीत काढलीत. साध्या लाल रंगाच्या काट्यावर नुसता निळा उजेड पडला की काटा काळा दिसतो, कारण परत पाठवायला त्या उजेडात लाल नसतोच. म्हणजे आकडे ठसठशीत आणि काटा बेपत्ता. होटगी रस्त्यावर आपण चाळीसने होता की ऐंशीने, हे अंदाजपंचेच. जोशाच्या भरात धोक्याच्या दिव्यांमागेही निळेच एलईडी खोचले असतील, तर विषयच संपला. ऑइलच्या दिव्यापुढे लाल काच असते. ती लाल उजेड तेवढा बाहेर सोडते, निळ्याला आतच अडवते. ऑइलचं प्रेशर गेलं तर दिवा आतल्या आत इमानाने पेटेल, आपल्याला काही दिसणार नाही, आणि मग इंजिन स्वतःच्या तोंडाने काय ते सांगेल.

बॅटरीच्या लाल दिव्याची तऱ्हा आणखी निराळी. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नुसता दिवा नसतो. चावी फिरवली की त्याच बल्बातून थोडा करंट अल्टरनेटरच्या गुंडाळीत जातो, तिथे चुंबकत्व येतं आणि अल्टरनेटर कामाला लागतो. एलईडीतून जाणारा करंट बल्बाच्या मानाने अगदी किरकोळ. तेवढ्यावर अल्टरनेटर जागा होईलच असं नाही. रेस दिली तर कधी होतो, कधी नाही. म्हणजे अक्कलकोटहून रात्री परतताना मीटर झकास निळं, एसी चालू, गाणी चालू, आणि हे सगळं एकट्या बॅटरीच्या जिवावर. वळसंगजवळ गाणी बंद पडली की आपण दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याशी भांडायला जाणार.

ज्या गाड्यांत डाव्या-उजव्या वळणाला मिळून एकच हिरवा दिवा असतो, तिथे काही वेळा एलईडी एकाच बाजूला पेटतो. याबद्दल माझी तक्रार नाही. इंडिकेटर देऊन वळणारा माणूस मला अशोक चौकात अजून भेटायचा आहे.

खरं दुखणं अप्परचं. मीटरवर रंगांची वाटणी जगभर ठरून गेली आहे. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लक्ष दे, हिरवा म्हणजे चालू आहे. निळा राखून ठेवला तो अप्परसाठी. (काही नव्या गाड्यांत इंजिन थंड असल्याचा निळा दिवा सुरुवातीला थोडा वेळ लागतो, तेवढा सोडा.) मंद मीटरात एकच निळा ठिपका उठून दिसावा आणि आपला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातोय हे चालवणाऱ्याला आठवावं, एवढ्याचसाठी. आपण सगळं मीटरच निळं केलंत. आता त्यात तो ठिपका हुडकायचा कुठे?

तो समोरचा म्हणजे मी. बार्शी रस्त्यावर, वैरागच्या अलीकडे, लग्नाहून परतताना आपली गाठ पडते. लांबूनच मी डिपर देतो. एकदा, दोनदा, मग मोजणं सोडून देतो. आपण ढिम्म. उसाचा हंगाम असतो, माझ्यापुढे कुठेतरी ट्रॉली चाललेली असते, तिला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आपल्या उजेडात मला ती ट्रॉलीही दिसत नाही आणि रस्त्याची कडही दिसत नाही. मी ब्रेकवर पाय ठेवून, आपण निघून जाईपर्यंत, अंदाजाने सरळ जात राहतो. पूर्वी वाटायचं, हा माणूस मग्रूर आहे. आता कळलं, रसिक आहे.

बरं, आपल्याला तरी सुख आहे का? निळा उजेड डोळ्याच्या भिंगातून जास्त वाकतो आणि पडद्याच्या अलीकडेच एकवटतो, म्हणून रात्री निळे आकडे पसरट, भुरकट दिसतात. अंधाराला सरावलेली नजर निळ्या झगमगाटाने चटकन मोडते, आणि एकदा पुरती मोडली की परत यायला वीस-तीस मिनिटं घेते. लाल उजेडाने ती तेवढी मोडत नाही. बीएमडब्ल्यूवाल्यांनी मीटर वर्षानुवर्षं नारिंगी-तांबडं ठेवलं ते उगाच नव्हे. फोक्सवॅगनने नव्वदच्या दशकात निळंच केलं होतं, असं आपला तो मित्र सांगेल. केलं होतं. पण काटे लाल उजेडाचे ठेवले होते, आणि पुढे त्यांनीही पांढरं मीटर आणलं.

जुन्या बल्बाचा उजेड मिणमिणता होता, हे मात्र मला मान्य आहे. वालचंद हिराचंद आपल्याच गावचे, १८८२ साली सोलापुरात जन्मलेले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली. त्या पद्मिनीत रात्रीचा वेग डोळ्यांपेक्षा कानांना जास्त कळायचा. पण मीटर मिणमिणतं असल्यामुळे समोरचा रस्ता दिसायचा, आणि गाडी शेवटी रस्त्यावर चालवायची असते.

तेव्हा विनंती अशी. मीटर मिणमिणतं असलं तर बहुतेक वेळा बल्बाची काच आतून काळवंडलेली असते, होल्डरखालच्या तांब्याच्या रेघेवर मळ धरलेला असतो, नाहीतर अर्थिंग सैल असतं. रेघ पुसून घ्या, साधे नवे बल्ब टाका, बघा किती फरक पडतो. एलईडीच हवा असा हट्ट असेल तर पिवळसर पांढरा घ्या, चहूबाजूंनी उजेड टाकणारा घ्या, नाहीतर मीटरवर मधोमध डाग पडतो. तो फक्त आकड्यांमागे लावा. ऑइल, हँडब्रेक आणि बॅटरी यांच्या दिव्यांना वायरमनला हात लावू देऊ नका. अप्परचा निळा ठिपका तेवढा माझ्यासाठी राखून ठेवा. आणि बार्शी रस्त्यावर समोरून कुणी डिपर दिला, तर तो ओळख दाखवतोय असं समजून हात हलवू नका. आपणही डिपरवर या.

आपला,
समोरून येणारा