मीटरकाका

गेल्या दिवाळीनंतर आमच्या टीव्हीवरचा फुटबॉलपटू डावीकडे चालायला लागला. कंट्रोलरला कुणाचा हात नाही, चेंडू पार उजवीकडे, आणि हा गडी मान खाली घालून डाव्या जाहिरातफलकाकडे निघालेला. "ड्रिफ्ट आलाय बाबा. नवीन घेऊ या," चिरंजीव म्हणाले. हळू आवाजात, दार लावून म्हणाले. तरी दहा मिनिटांत मीटरकाका दारात हजर.

"काहीतरी बिघडलंय म्हणे?"

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत बिघाडाची बातमी जिन्याने चढत नाही, ती थेट काकांच्या नाकात जाते. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली. दारावर नावाची पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. काका आले की आधी खांद्यावरची कापडी पिशवी दिसते, तिच्यातून काट्याचा जुना मल्टिमीटर डोकावत असतो, आणि त्याच्या मागे केव्हातरी काका दिसतात. त्यांच्या स्वतःच्या दाराची बेल चार वर्षं वाजलेली नाही. तिचा तपास सुरू आहे. "कडी वाजवा हो," काकू आतून सांगतात, आणि त्या सुरात मिक्सर, इस्त्री आणि गिझर हे तिघेही बोलत असतात.

काकांची मोठी मिळकत म्हणजे त्यांची डायरी. इमारतीत कुणी काय घेतलं, कधी घेतलं आणि वॉरंटी कधी संपते हे त्यात तारीखवार आहे. आमचा कंट्रोलर बघताच त्यांनी पान उलटलं. "अकरा दिवसांपूर्वी संपली," ते म्हणाले. आवाजात हळहळ होती म्हणावं, तर डोळ्यांत दुसरंच काहीतरी चमकत होतं. वॉरंटीतली वस्तू उघडता येत नाही ना.

मग उलटतपासणी. कधीपासून? अचानक की हळूहळू? पडला होता का? किती उंचीवरून? फरशीवर की गादीवर? मुलगा ताठ उभा राहून उत्तरं देत होता. मध्येच काकांनी कंट्रोलर नाकाशी नेला. "चिवडा," ते म्हणाले. मुलाने मान खाली घातली. "पातळ पोह्यांचा. तेल जास्त झालंय." आता मान खाली घालण्याची पाळी आमच्या हिची होती.

बंद करून पुन्हा चालू करून बघू का, असं मी सुचवलं. "तो उपाय नाही, नवस आहे," काका म्हणाले. तरी नवस फेडून झाला. मग वायर. कंट्रोलर टीव्हीगेमला वायरीने जोडून पाहायचा होता, तर तो ओळखच दाखवेना. काकांनी वायर बोटांत फिरवली आणि बाजूला टाकली. "ही नुसती चार्जिंगची. हिच्यात दोनच तारा. जेवायला घालते, बोलत नाही." चार तारा असलेली वायर त्यांच्या पिशवीत होतीच. यानंतर कंट्रोलरच्या पाठीवरचं सुईएवढं भोक. त्यात काहीतरी घालून पाच सेकंद दाबलं की त्याची जुनी ओळखपाळख पुसली जाते. आईच्या पदराची सेफ्टी पिन मागवली गेली. पाच सेकंद काकांनी मनगटी घड्याळावर मोजले. फुटबॉलपटू दोन मिनिटं सज्जनासारखा उभा राहिला आणि पुन्हा डावीकडे निघाला.

"उत्तम," काका म्हणाले. एखादी गोष्ट सहज दुरुस्त झाली तर त्यांचा चेहरा पडतो.

पुढची पायरी अदलाबदलीची. दोष कंट्रोलरचा की टीव्हीगेमचा, हे ठरवायला दुसरा, धडधाकट कंट्रोलर जोडून पाहायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडून तो आणला. दोष आमच्याच कंट्रोलरचा हे अर्ध्या मिनिटात सिद्ध झालं. तिसऱ्या मजल्याला आपली वस्तू नऊ दिवसांनी परत मिळाली, कारण "तुलनेला हाताशी असावा". तुलनेचं बहुतेक काम आमच्या चिरंजीवांनी केलं.

खरं सांगायचं तर काकांचं आणि माझं हे जुनं आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे तो पिवळ्या कॅसेटींचा टीव्हीगेम होता. कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. "फुंकरीत थुंकी असते, धातूला गंज चढतो," असं काका तेव्हाही सांगायचे आणि आम्ही तेव्हाही ऐकायचो नाही. एकदा उडी मारायचं बटण बसलं. काकांनी खोलून दाखवलं. बटणाखाली रबर, रबराला काळी टिकली. ती खालच्या दोन पट्ट्यांना टेकली की वीज पुढे जाते, मारिओ उडतो. टिकली झिजली होती. काकांनी माझ्या कंपासमधली ६बी पेन्सिल काढली आणि टिकलीवर शिसं घोटघोट घोटलं. मारिओ उडाला. माझी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दोन दिवसांवर होती आणि पेन्सिल उरली होती पेराएवढी. मला 'क' श्रेणी मिळाली. काका आजही म्हणतात, "पण बटण चाललं की नाही?"

तर, कंट्रोलर उघडला गेला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात स्क्रू. घरात कुणी पंखा लावायचा नाही.

"रेडिओचा आवाज वाढवताना खर्रर्र व्हायचं, आठवतं?" काकांनी मला विचारलं. "तेच हे." अंगठ्याखालच्या दांडीला दोन बारके पोटेंशिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या हालचालीचा. आत कार्बनचा पट्टा, त्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. जीभ कुठे आहे त्यावरून यंत्राला कळतं, दांडी किती कलली. घासून घासून पट्टा झिजतो, त्याची पूड आतच बसते, आणि दांडी मधोमध असली तरी यंत्राला वाटतं की ती डावीकडे आहे. काकांनी मीटर लावला. दांडी हलवली की काटा सरळ सरकायला हवा, तो मध्येच दचकत होता. "बघ, बघ! कसा अडखळतोय!" नातवाचं पहिलं पाऊल पडताना आजोबा जसे ओरडतात, तसे ते ओरडले.

मुलाने मोबाइलवर शोधून सांगितलं की न घासणारी दांडीही असते. त्यात चुंबक आणि हॉल सेन्सर असतो, आणि सेगाने १९९८ सालीच ड्रीमकास्टच्या कंट्रोलरला ती बसवली होती. काका एकदम गप्प झाले. "हॉल इफेक्ट १८७९ चा," थोड्या वेळाने ते म्हणाले. "१८७९! आणि हे लोक आपल्याला अजून कार्बन विकतात?" यावर माझंही मत त्यांच्यासारखंच आहे, फक्त मी ते रात्री दोन वाजता फोन करून कुणाला सांगितलं नाही.

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन झालं. चार दिवस आराम पडला. (घरात दवाखान्याचा वास आठ दिवस होता.) मग काका लॅमिंग्टन रोडला निघाले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने विचारलं तर पार्ट मिळत नाही. सकाळची डोंबिवली लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, संध्याकाळी परत. चुंबकवाली दांडी मिळाली नाही, कार्बनवाल्या दोन आणल्या. दोन कशाला? "एक बिघडवायला."

आणि इथे मी विश्वासघात केला. मुलाची सहामाही संपली होती, फुटबॉलपटू टेबलावर आतडी काढून पडला होता, आणि मी रात्री गुपचूप नवा कंट्रोलर मागवला. खोका बायकोच्या पैठण्यांमागे लपवला. मुलगा टीव्हीचा आवाज बंद ठेवून खेळायचा. गोल झाला की आम्ही तिघं उशीत तोंड घालून ओरडायचो.

इकडे काकांनी जुनी दांडी सोडवली. तिला सोल्डरचे चौदा ठिपके असतात आणि चौदाही सुटल्याशिवाय ती हलत नाही. पहिली नवी दांडी ठरल्याप्रमाणे बिघडली. दुसरी बसली. स्क्रू सगळे परत गेले. काका कंट्रोलर घेऊन आले, कडी न वाजवता, आणि मुलाच्या हातात नवा कंट्रोलर होता.

कुणी काही बोललं नाही. काकांनी जुना जोडला. फुटबॉलपटू उभा राहिला. क्षणभर थांबला. मग सावकाश, अगदी सावकाश, उजवीकडे सरकू लागला. यंत्राच्या लेखी मध्य अजून जुन्या दांडीचाच होता.

"प्रगती आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी मुलाच्या हातून नवा कंट्रोलर घेतला. कानाशी नेऊन दांडी एकदा गोल फिरवली. नाकाशी नेला. चिवड्याचा वास अजून लागला नव्हता. आत पाहण्यासारखं काही नाही, असा चेहरा करून त्यांनी तो परत दिला आणि खिशातून डायरी काढली.

"कितीला घेतला ते नको," ते मला म्हणाले, "तारीख सांग."