पाचपोच

मामांची, म्हणजे सासरेबुवांची, ऊसशेती दौंड तालुक्यात भीमेकाठी आणि मी राहतो शिरूरला. जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. जायचं न्हावऱ्यावरून चौफुल्याला. (चौफुल्याला जाऊन आलो म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी तिथली लावणी आठवते आणि तो गालात हसतो. ऊस बघायला गेलो होतो, हे त्याला पटत नाही.) शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की मामा बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघणार, आणि उसात बिबट्या! सॉफ्टवेअरवाला जावई असून हे बघवेना, म्हणून स्टार्टरला सिमकार्डाची एक डबी बसवली. लाइट आल्याचं घरबसल्या कळावं, एवढाच हेतू.

डबी दर दहा सेकंदांनी कळवायची: मोटार बंद. मोटार बंद. मोटार बंद. मध्ये निरोप्या, म्हणजे एमक्यूटीटीचा ब्रोकर. एमक्यूटीटी ही यंत्रांची आपसातली बोली 1999 साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवायला बनवली. उपग्रहामार्फत बोलायचं तर शब्दाशब्दाला पैसे, म्हणून निरोप चिमुकला.

निरोप्यानं निरोप द्यावा आणि विसरून जावं. पण मला हिशेबाची हौस. सगळे निरोप मोंगोडीबीत साठवायला घेतले. टेबलांच्या डेटाबेसला आधी रकाने आखून द्यावे लागतात. हा डॉक्युमेंटवाला म्हणजे सासूबाईंची पत्र्याची पेटी. सातबारा, लग्नपत्रिका, बाळाचं झबलं, काहीही टाका, पेटी विचारत नाही. मोंगो हे नावच मुळी ‘ह्युमंगस’, म्हणजे अवाढव्य, यावरून घेतलेलं. मी त्या नावावर विसंबलो आणि सगळे निरोप एकाच डॉक्युमेंटमधल्या एकाच यादीत कोंबत गेलो. एका डॉक्युमेंटची मर्यादा 16 एमबी असते, हे वाचलं होतं; औषधाच्या बाटलीसोबतचा कागद वाचतो तसं. निरोप साधारण दोनशे बाइटचा, दिवसाला 8,640 निरोप. सकाळी नऊला सुरू केलेलं काम दहाव्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास तटलं.

तेव्हाच लाइट आली. स्टार्टरच्या ऑटोनं मोटार उचलली, आणि पेटीबाहेर राहिला तो नेमका हा निरोप. माझ्या प्रोग्रामनं आधी मामांना एसएमएस केला, ‘मोटार चालू झाली’. मग नोंद करायला गेला, जागा नाही, कोसळला. आपोआप उठला. निरोप्यानं बघितलं, पोच आलेली नाही. ‘किमान एकदा’ असा आमचा करार. पोच मिळेपर्यंत तो तेच पुन्हा सांगणार. पुन्हा एसएमएस, पुन्हा लोटांगण. निरोप्याला पोच लागते, पाचपोच नसते. ती माझ्याकडे असायला हवी होती.

अडीचला फोन.

“जावईबापू, मोटार एक हाये आन् चालू झाली सत्तेचाळीस वेळा. बाकीच्या सेहेचाळीस कुठं बसवल्यात तुम्ही?”

रविवारी तोंड लपवत गेलो. भिंतीवर कालनिर्णय. मोंगोडीबी आली 2009 साली, कालनिर्णय 1973पासून घरोघरी लटकतंय. मामांनी प्रत्येक तारखेच्या चौकोनात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: ‘मो. 4 ता.’ एका दिवसाला एक चौकोन. कोणी तीच गोष्ट दोनदा सांगितली तरी लिहायची जागा तीच. वर्ष सरलं की कालनिर्णय खिळ्यावरून उतरून नातवाच्या वह्यांना कव्हर.

चहा गार होईपर्यंत मी ते पान बघत बसलो. परत येऊन मुकाट्यानं नक्कल केली: तासाला एक डॉक्युमेंट, त्यात वेळेनुसार ठरलेली जागा, म्हणजे निरोप दुसऱ्यांदा आला तरी तिथंच बसणार. सात दिवसांपूर्वीचं आपोआप पुसलं जाणार. आणि आधी नोंद, मग एसएमएस. मोटार बंद असल्याचं दर दहा सेकंदांनी का ऐकायचं, हा प्रश्न बायकोनं विचारला. तो मी पुढच्या आवृत्तीवर ढकलला.

परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

“मेसेज एकदाच आलाय.”

“हो मामा, आता एकदाच येणार.”

“मंग खरंच चालू झाली का? थांबा, बघून येतो.”

आणि पलीकडून काठी उचलल्याचा आवाज आला.