तूट मागच्या खणात

माशांच्या टाकीतलं पाणी कमी होऊ लागलं की घरातली माणसं आधी आरोपी शोधतात. पहिला संशय टाकी बनवून देणाऱ्यावर. सिलिकॉन सुटलं असणार, कुठेतरी गळतंय. मग टाकीखाली वर्तमानपत्र अंथरलं जातं, सकाळी ते कोरडं ठणठणीत निघतं आणि टाकीवाला निर्दोष सुटतो. दुसरा संशय खुद्द माशांवर. "एवढे जीव आहेत, पीतच असतील की," असं आमच्या आईचं म्हणणं. गोड्या पाण्यातल्या माशांवर हा आरोप म्हणजे शुद्ध अन्याय आहे. त्यांच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी आपणहून आत शिरत राहतं आणि ते बाहेर टाकता टाकताच त्यांचा दिवस जातो. पाणी पितात ते समुद्रातले मासे. पण तेही प्यालेलं तिथेच परत सोडतात, टाकीबाहेर नेऊन कुठे ठेवणार? राहता राहिली हवा. तिला कोणी जाब विचारत नाही.

आमची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद. खालच्या कपाटात फिल्टरचा काचेचा हौद आहे, त्याला या धंद्यात सम्प म्हणतात. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून पाइपाने खाली उतरतं, स्पंजातून, खड्यांतून गाळत गाळत शेवटच्या खणात येतं आणि तिथली मोटर ते पुन्हा वर ढकलते. या व्यवस्थेतली गंमत अशी की वरच्या टाकीची पातळी कधी हलतच नाही. तिच्या पाण्याने काठ गाठला की जादा तेवढं खाली उतरतं, मोटर तेवढंच वर आणून देते. बाष्पीभवन होतं ते मुख्यतः वरच्या मोठ्या पृष्ठभागावरून, पण तूट दिसते ती खाली, मोटरच्या चिंचोळ्या खणात. वर एक सेंटीमीटर उतरावं एवढं पाणी उडालं तर ते होतं पावणेतीन लिटरच्या आसपास. मोटरचा खण एक फूट बाय आठ इंचांचा असेल तर तिथली पातळी तेवढ्यात साडेचार सेंटीमीटरने खाली जाते. मध्यमवर्गीय घरासारखंच हे. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर सगळं काठोकाठ, महिनाअखेरीची ओढाताण मात्र स्वयंपाकघरातल्या डब्यांना ठाऊक. पाहुणे म्हणतात, "वा, किती स्वच्छ, किती भरलेली टाकी!" आणि त्याच वेळी कपाटातली मोटर पाण्याबरोबर हवा ओढायला लागलेली असते. मग टाकीत बारीक बारीक बुडबुड्यांचं धुकं येतं आणि पाहुण्यांना ते जास्तच आवडतं.

आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरात. आमच्या नळाला पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून, आणि रोज येत नाही. पाण्याचा वार असतो आणि त्या वारी घरातली बादली, पिंप, घागर सगळं भरून घ्यायचं असतं. नाथसागर हे धरण पसरट आणि उथळ. पूर्ण भरलं की पाण्याचा विस्तार सुमारे 350 चौरस किलोमीटर. त्यावरून एक सेंटीमीटर पाणी उडालं म्हणजे 350 कोटी लिटर गेलं. वैशाखात आमच्या टाकीचा हिशेब करताना मला या आकड्याचा फार आधार वाटतो. शिवाय नाथसागरात वरून पाणी सोडायचं म्हटलं की नाशिक-नगरच्या धरणांशी वाद आणि प्रकरण थेट उच्च न्यायालयात. माझं भागतं बायकोपुढे अर्ज करून. "पिण्याच्या पिंपातलं घेऊ नका," एवढीच तिची अट.

पण खरी मेख निराळीच आहे. उडून जातं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार, माशांच्या विष्ठेतून तयार झालेलं नायट्रेट, हे सगळं मागेच राहतं. उरण-पेणच्या आगरांत याच न्यायाने मीठ पिकतं. म्हणून ज्यांच्याकडे समुद्री माशांची टाकी आहे त्यांनी घट भरून काढताना साधं गोडं पाणी ओतायचं असतं, खारं नाही. मीठ तर गेलेलंच नाही. आणि आपल्या गोड्या पाण्याच्या टाकीत नळाचं पाणी ओतत राहिलं, तर प्रत्येक तांब्याबरोबर थोडे नवे क्षार जुन्यांच्या भेटीला येतात. पाणी काठोकाठ, नितळ, आणि आतून दर आठवड्याला जड होत चाललेलं. भर घालणं वेगळं, पाणी बदलणं वेगळं. पाणी काढून टाकल्याशिवाय घाण जात नाही, हे पाणीटंचाईच्या गावात पटवून देणं फार अवघड आहे.

काटकसरीच्या सूचना मात्र घरबसल्या येतात. आई म्हणते, आरओचं वाया जाणारं पाणी घाल की. आता आरओ जे फेकून देतो त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, म्हणजे जे नको तेच नेमकं. दुसरी सूचना जास्त मोहक आहे. खोलीत एसी लावला की तो हवेतली वाफ ओढून तिचं पाणी करतो आणि नळीने बाहेर सोडतो. आमच्या टाकीतून उडालेल्या पाण्यातलं बरंचसं असं प्रवास करून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पापडांवर पडतं. काकू म्हणतात, तुमचं पाणी तुम्ही परत घ्या! हिशेबाने बरोबर आहे त्यांचं. पण ते पाणी तांब्याच्या नळ्यांवरून, धुळीतून, बुरशीतून येतं आणि तांबं गोगलगायींना सोसत नाही. तेव्हा ते कुंड्यांना.

झाकण लावा म्हणाल, तर लावलंय, पण फटी ठेवून. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी काढून घेतली तर 100 लिटर पाणी जवळजवळ 6 अंशांनी गार होईल. उन्हाळ्यात टाकी पाणी गमावते ती उगाच नाही. शिवाय प्राणवायू पृष्ठभागावरूनच आत येतो. टाकी हवाबंद केली की पाणी वाचेल आणि मासे वरती येऊन तोंडं उघडी टाकतील.

काही हौशी लोक फ्लोट व्हॉल्व्ह बसवतात, कोणी सलाइनच्या नळीने थेंब थेंब पाणी सोडतात. सोय चांगली, पण फ्लोटवर शेवाळ चढलं किंवा एखादी गोगलगाय त्यावर बसून राहिली की पाणी थांबायचं नाव घेत नाही. मला रोज सकाळी दोन तांबे स्वतः ओतणं बरं वाटतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं, क्लोरीन घालवायला हायपोचे दोन खडे टाकलेलं.

एक मात्र सांगून ठेवतो. मोटरच्या खणावर बाहेरून निळी चिकटपट्टी लावली आहे. वीज गेली की मोटर थांबते आणि वरच्या टाकीतलं काठाच्या वरचं पाणी, पाइपातलं पाणी, सगळं खाली सम्पात उतरतं. त्याच्यासाठी तिथे जागा रिकामी ठेवलेली आहे, ती कमतरता नव्हे. आमच्याकडे आलात आणि कपाट उघडून टाकीची दया आली, तर खुशाल पाणी घाला, पण पट्टीच्या वर नको. वीज केव्हा जाईल ते आमच्याकडे कोणी सांगू शकत नाही, आणि फरशी पुसायची पाळी माझीच असते.