दहात अठरा, पाचात चार

आमचा भाचा डॅलसला असतो. कोल्हापूरचं पोरगं परदेशी गेलं की पहिले सहा महिने तांबड्या-पांढऱ्याच्या आठवणीत काढतं आणि सातव्या महिन्यात तिथल्या फुटबॉलवरनं भांडायला लागतं. तिथला फुटबॉल म्हणजे बॉल हातात धरून पळायचं आणि वर त्याला पायाचं नाव द्यायचं. असो. परवा रात्री त्याचा फोन आला तो थेट गाऱ्हाणं घेऊनच.

"मामा, आमच्या गावातलं विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्यावर गेलं."

"पूर आला काय रे?" मी घाबरून विचारलं. 2019 बघितलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

पूर नव्हता, पैसा होता. डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ 2024 मध्ये 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' नावाच्या गटात शिरलं. डॅलसहून अटलांटिक बघायचा तर दिवस मोडावा लागतो. पण त्याच गटात त्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि बर्कलीही घेतले, आणि ते तर पॅसिफिकच्या काठावर बसलेत. तेव्हा डॅलस बिचारं निदान मधे तरी आहे. आत शिरताना डॅलसवाल्यांनी कबूल केलं की नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मागणार नाही, फक्त आत घ्या.

हे मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगितलं, तर आबांना नवल वाटलं नाही. "त्यात काय? मानधन नको, फक्त डिजिटल फलकावर फोटो लावा म्हणणारी शंभर पोरं आपल्या पेठेत हाईत."

आबा एकेकाळी तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. आता गुडघे गेलेत, पण मत शाबूत आहे.

कॉन्फरन्स म्हणजे काय हे कट्ट्याला समजवायला मला दोन चहा लागले. विद्यापीठांचा एक गट करायचा, वर्षभर आपसात खेळायचं, टीव्हीवाल्यांकडनं येईल ते वाटून घ्यायचं. शेवटी वकीलसाहेबांनी सोपं केलं : "अरे, साखर कारखान्याचं कार्यक्षेत्र. आणि गट बदलायला हा रिअलाइनमेंट म्हणतोय ते म्हणजे दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रातला ऊस रातोरात तोडून न्यायचा." एवढं म्हटल्यावर सगळ्यांना सगळं कळलं. कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय बालवाडीपासून शिकवतात.

मग पॅक-12 ची गोष्ट रंगली. 1915 पासूनची परंपरा सांगणारा, पॅसिफिककडच्या विद्यापीठांचा हा गट. 2022 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसची दोन्ही बडी विद्यापीठं 'बिग टेन' या दुसऱ्या गटाकडं निघाली. पुढच्या वर्षी कोलोरॅडो गेलं. मग ऑगस्टात एकाच दिवशी पाच जण उठले, त्यातले ओरेगॉन आणि वॉशिंग्टन 'बिग टेन'मध्ये. महिनाभरात स्टॅनफर्ड-बर्कलीनंही गाठोडं बांधलं. बारातले दहा गेले. उरले वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन स्टेट. गेलेले दहा म्हणाले, कारभारात आम्हालाही मत पाहिजे. उरलेले दोघे कोर्टात गेले आणि जिंकले. नाव, तिजोरी, कारभार, सगळं दोघांकडं. भाऊबंदांनी घर सोडलं, सातबारा मात्र यांच्या नावावर राहिला. आता 2026 साठी त्या सातबाऱ्यावर बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे नवी नावं चढवली आहेत. त्यात गोन्झागा नावाचं एक आहे, त्यांच्याकडं फुटबॉलचा संघच नाही, बास्केटबॉल मात्र झकास. सहकारी संस्थेत गाय नसलेला सभासद असतो, तसं.

"पण ते बिग टेन, त्यात दहा हाईत ना?" मास्तरांनी विचारलं. मास्तर शाळेत खेळाचे शिक्षक होते, हजेरी बरोबर लागली पाहिजे हा त्यांचा आग्रह.

अठरा आहेत. 1990 ला पेन स्टेट आलं तेव्हाच अकरा झाले होते, पण नाव बदलायचं कुणाच्या जिवावर आलं. 2011 मध्ये तर कहर झाला : बिग टेनमध्ये बारा आणि 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये दहा. आता न्यू जर्सीचं रटगर्स आणि लॉस एंजेलिस एका गटात आहेत. मधे जवळपास चार हजार किलोमीटर.

कट्टा हसला. आबा हसले नाहीत. "हसताय कुणाला? पंचगंगेत नद्या किती?"

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. आणि सरस्वती, गुप्त. प्रयाग चिखलीला जाऊन शपथ घेतली तरी दिसतात चारच. नाव पाचाचं. आम्ही शेकडो वर्षं हे चालवून घेतलं, तर अमेरिकेला बोलायचा आम्हाला काय अधिकार?

इथनं पुढं कट्ट्यानं स्वतःचीच कॉन्फरन्स काढायला घेतली. टीव्हीचा पैसा पाहिजे तर प्रेक्षक पाहिजेत, हे पहिलं. आणि तिथंच विद्यापीठांचा मुद्दा बाद झाला. आमच्याकडं आंतरविभागीय विद्यापीठ सामन्याला प्रेक्षक म्हणजे पंच, केळी वाटणारा शिपाई आणि गाडी सुटेपर्यंत थांबलेला हरलेला संघ. तिकडं कॉलेजच्या सामन्याला लाख माणूस लोटतं. आमच्याकडं माणूस लोटतं ते पेठेच्या सामन्याला. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ म्हटलं की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, आणि बाहेर पोलिसांची गाडी आधी येते, संघ नंतर. मंगळवार पेठेतनं शिवाजी पेठेत चालत जाता येतं. वैर म्हणजे असं, चालत जाण्याच्या अंतरावरचं. चार हजार किलोमीटरवरच्या माणसाचा राग कसा येणार? त्याची गाडी कुठं लागलीय हेसुद्धा ठाऊक नसतं.

उगाच भाबडेपणा नको म्हणून हेही सांगतो : हंगामाआधी खेळाडू नोंदणीचे दिवस आले की आमच्या पेठा काही हरिपाठ करत बसत नाहीत. कालपर्यंत ज्याच्या नावानं शिव्या घातल्या तो स्ट्रायकर आज आपल्या जर्सीत दिसतो. पण पोरगं पेठ बदलतं. पेठ कधी जिल्हा बदलत नाही.

तरीही विस्तार पाहिजेच, असं ठरलं. कुणाला घ्यायचं?

वकीलसाहेबांनी तयार यादी टाकली. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. "सहा मेंबर एका छताखाली, तेही चाळीस वर्षं झगडून. कोर्टात भांडायला जे एकत्र येतात त्यांना मैदानात भांडायला काय धाड भरलीय?" सोलापूरचा त्यांना विशेष आनंद. शिवाजी विद्यापीठ 1962 चं, त्यातनं सोलापूर 2004 ला वेगळं निघालं आणि एका जिल्ह्याचं विद्यापीठ घेऊन बसलं. ते एकवीस वर्षांनी दुसऱ्या दारानं परत आलं.

गोवा घ्यावं, असं मास्तर म्हणाले. फुटबॉल आहे, मासे आहेत. यावर 'बाहेरगावच्या सामन्याला' जायची तयारी कट्ट्यावरच्या यच्चयावत सभासदांनी लगेच दाखवली, इतकी की आबांना संशय आला. बेळगावचं नाव निघालं तेव्हा वकीलसाहेब गप्प झाले. सीमेचा तो दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन आपल्याच कॉन्फरन्सवर दावा लावून 2025 ला वर्ष-सव्वा वर्षात तडजोड करून मोकळे झाले, हे त्यांना सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"जिल्ह्याबाहेर जाताना जपून," आबा म्हणाले. "गोकुळ आठवतंय न्हवं?" 2018 च्या वार्षिक सभेत दूध संघ मल्टिस्टेट करायचा ठराव आला, त्यावर जो धुरळा उडाला तो बघून ठराव पुढं मागं घ्यावा लागला. दुधाचं हे, तर फुटबॉलचं काय होईल?

आणि खरी गोम तर घराशेजारीच आहे. अमेरिकेत विद्यापीठं आत घ्या, आत घ्या म्हणून दार वाजवतात. आमच्या महापालिकेनं 1972 पासून दार सताड उघडं ठेवलंय, आत कुणी येत नाही. तेव्हा जी हद्द होती तीच आज : 66.82 चौरस किलोमीटर. बेचाळीस गावांचा प्रस्ताव झाला, अठरा गावांचा झाला, दोन औद्योगिक वसाहती जोडून झाला, कृती समित्या झाल्या, त्यांच्या विरोधात कृती समित्या झाल्या. बंद झाले, उपोषणं झाली. शेवटी 2017 ला शासनानं बेचाळीस गावांचं प्राधिकरण काढलं, म्हणजे लग्न नको तर निदान साखरपुडा करू. उचगाव, पाचगाव, कळंबा, वडणगे, सगळ्यांचं उत्तर एकच : घरफाळा वाढणार, जमिनीवर आरक्षणं पडणार, आणि तुमच्या शहरातलेच रस्ते आधी बघा. शेवटच्या मुद्द्यावर शहरातलेही टाळ्या वाजवतात.

यात कुणाचं चुकतंय असं म्हणवत नाही. बिग टेनचा सात वर्षांचा सात अब्ज डॉलरच्या वरचा टीव्हीचा करार 2022 ला होऊ घातला होता, म्हणून लॉस एंजेलिसला न्यू जर्सी जवळ वाटलं. महापालिका पाचगावला काय दाखवणार? टँकर?

रात्री भाच्याला फोन लावून सगळा वृत्तांत दिला. कॉन्फरन्सचं नाव 'पंचगंगा' ठरलंय, सभासद सध्या चार, पाचवी जागा रिकामी. "नोत्र देमसाठी ठेवा," तो म्हणाला. हे विद्यापीठ म्हणे बाकीचे बहुतेक खेळ अटलांटिकवाल्यांबरोबर खेळतं, फुटबॉलमध्ये मात्र कुणाच्याच गटात नाही. 1991 पासून टीव्हीचा करार स्वतःचा वेगळा. सगळ्या कॉन्फरन्सा वर्षानुवर्षं त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसल्यात. आहे म्हटलं तर आहे, दिसत मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं. "मग ती सरस्वती," आबा म्हणाले आणि विषय मिटवला.

राहिला महसूल वाटपाचा प्रश्न, म्हणजे चहाचं बिल. आमच्या कट्ट्यावर पाचगावचं एक पोरगं येतं. हद्दवाढीच्या विरोधातल्या प्रत्येक मोर्चात हे पुढं, आणि रोज संध्याकाळी सातला शहराच्या कट्ट्यावर हजर. डॅलसच्या नियमाप्रमाणं नवा सभासद नऊ वर्षं वाटा मागणार नाही आणि बिल देईल, असं वकीलसाहेबांनी त्याला सुनावलं. पोरगं जरा वेळ विचारात पडलं.

"देतो की," म्हणालं. "फक्त त्याला घरफाळा म्हणू नका."