घरकुलाचा कोरम

जळगावात गरिबांसाठी घरकुलं काढली पालिकेनं. त्यात घोटाळा झाला म्हणून गुन्हा नोंदला २००६ साली, निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ ला, तोही धुळ्याच्या विशेष न्यायालयात. एकूण ४८ जण दोषी! माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटींचा दंड. पालिकेची एवढी मंडळी आत गेली, की सभेचा कोरम जेलातच भरावा. अपिलं हायकोर्टात गेली. जावीत, तो हक्कच आहे. पण 'चुकलं बुवा' असं कुणी म्हटल्याचं काही ऐकिवात नाही. १९५६ साली अरियालूरला गाडी नदीत कोसळली, तर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रीजींनी खातं सोडलं. रूळ काय त्यांनी उखडले होते? आमच्याकडे राजीनामा देतात तो पक्षाचा, दुसऱ्या पक्षात जाताना. ढोलताशांचा ॲडव्हान्स आधीच दिलेला असतो.