बिनशिक्क्याचा दिवा: गोंदियाकरांसाठी पहिली इयत्ता

गोंदिया जिल्ह्यात जुना शोभेचा दिवा सापडण्याच्या जागा मुख्यतः तीन: धानाच्या ढोलीमागे, बंद खोलीतल्या लाकडी पेटीत आणि मोठ्या वहिनींच्या ताब्यात. पहिल्या दोन ठिकाणचा दिवा सरळ उचलावा. तिसऱ्या ठिकाणच्या दिव्याला हात लावण्याआधी ही मार्गदर्शिका शेवटपर्यंत वाचावी.

दिवा मिळाल्याबरोबर उलटा करा. तळाशी नाव, साल, शिक्का काही नसेल तर खट्टू होऊ नका, सहसा नसतोच. आपल्याकडचा कासार किंवा ओतारी दिव्यावर स्वतःचे नाव घालण्याच्या भानगडीत क्वचितच पडे. माल खराब निघाला तर गिऱ्हाईक कुठे येऊन बसणार, हे त्याला शिक्क्याशिवायही ठाऊक होते. आपल्या दिव्यांवर नाव असते ते देणाऱ्याचे. बैठकीच्या कडेला बारीक ठिपक्यांची ओळ दिसेल, तिथे भिंग धरा. भांड्यांच्या दुकानात मशीनने टोचलेली ती अक्षरे. ‘चि. सौ. कां.’ ऐसपैस, पुढचे नाव जरा आवरून, ‘मामाकडून’ चेंगरलेले आणि ‘सप्रेम भेट’ जागा न उरल्याने खाली घसरलेले. खरेदीदार याला डाग म्हणतो आणि भाव पाडतो. तुम्ही मात्र याच ओळीवरून साल काढा. ते लग्न कधी झाले हे घरातल्या आजीला विचारा. पंगतीत काय कमी पडले तेही ती सांगेल. एवढे ध्यानात ठेवा की दिवा त्या लग्नानंतरचा नाही, इतकेच यातून सिद्ध होते. मामाने स्वतःला आलेला दिवाच पुढे सरकवला असेल, तर तो बराच जुना निघू शकतो.

मग लोहचुंबक लावा. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. पुढचे वाचन सोडून दिव्यात तेल घाला. नाही चिकटला, तर स्क्रू बघा. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचे चिन्ह असेल, तर दिवा भोसल्यांच्या काळातला असल्याचे कोणीही सांगो, मान डोलावून पुढे चला. असे स्क्रू अमेरिकेत 1936 च्या सुमारास चालू झाले. अर्थात स्क्रू मागाहून बदललेलाही असतो, म्हणून विकणाऱ्याला लगेच खोटारडे म्हणू नये. दोन-तीन दिवस थांबून म्हणावे.

नक्षी पुसट आहे म्हणून दिवा प्राचीन, हा निकष निदान या जिल्ह्यात तरी चालवू नका. इथे राइस मिलची कमी नाही, म्हणजे धानाच्या तुसाची राखही मुबलक. त्या राखेत बहुतांश सिलिका, म्हणजे जवळजवळ वाळूच. चिंच लावून वर ती राख घासली की मोराचे डोळे, पिसे आणि शेवटी मोर, या क्रमाने सगळे गुळगुळीत होते. ज्या दिव्यावर दोन पिढ्यांच्या सुनांनी दर दिवाळीला हात साफ केला, तो शंभर वर्षांचा सहज दिसतो. उलट काजळी, तेलाचा चिकटा, कोपऱ्यातली हिरवी पुटी जशीच्या तशी असेल तर ती सांभाळा. अडचण एवढीच की तुम्ही कौतुकाने दिवा बैठकीत ठेवून भिंग आणायला जाता, तोवर कोणीतरी तो पितांबरीने चकाचक करून ठेवलेला असतो.

बनावट कुठली, हा प्रश्न निघाला की ठरलेले उत्तर येते: बनारस. जरा जवळ बघा. पितळी भांड्यांसाठी नावाजलेला भंडारा शेजारीच आहे, आणि 1 मे 1999 पर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो. ढोकऱ्याचा दिवा म्हणून दाखवला, तर तसाच दुसरा आहे का ते विचारा. मेणाच्या बारीक दोऱ्यांनी आकार घडवायचा, वर माती लिंपायची, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा आणि साचा फोडायचा, अशी ती रीत. साचाच फुटतो, म्हणून हुबेहूब जोडी निघत नाही. दुकानदाराने उत्साहाने अगदी सारखे सहा काढले, तर नमस्कार करून निघा. तीनरंगी काचेच्या कंदिलावर बी.एन.आर. अशी अक्षरे असतील, तर तो बंगाल-नागपूर रेल्वेचा. तो काही बिनशिक्क्याचा नाही, उलट शिक्क्याचाच घोळ आहे. तो घरी कसा आला, हे आजोबांना चारचौघांत विचारू नये.

आता सर्वांत धोक्याचा गिऱ्हाईक. हा मोटारीतून येतो आणि तुमच्या दिव्यात इरिडियम असल्याचे सांगतो. पुरावा म्हणून खिशातले तांदूळ पसरतो, ते दिव्याकडे सरकतात, आणि परदेशी अवकाशसंस्था करोडो रुपये देणार म्हणून तपासणीच्या खर्चाचे आधी तुमच्याकडूनच मागतो. ‘राइस पुलर’ या नावाने ही फसवणूक देशभर चालते. तांदळाला लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि भांड्यात चुंबक. गोंदियाच्या माणसाने यात फसणे विशेष लाजिरवाणे आहे. तुमच्या घरचे तांदूळ दिव्यापुढे ठेवा, हलत नाहीत. शिकलेली माणसे फसत नाहीत असेही समजू नका. मेरठमध्ये एका डॉक्टरला अल्लादिनचा चिराग म्हणून दिवा विकून लाखो रुपये उकळल्याचे प्रकरण ऑक्टोबर 2020 मध्ये गाजले, दोघांना अटक झाली. त्याला म्हणे जिनही दाखवला होता.

कायदा थोडक्यात. जमिनीत पुरलेला जुना दिवा सापडला आणि तो दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल, तर 1878 च्या कायद्यानुसार कलेक्टरसाहेबांना कळवायचे. शंभर वर्षांची कलावस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे नागपूरचा व्यापारी दिवा नव्वद वर्षांचा म्हणाला तर भाव पडतो, आणि एकशे दहाचा म्हणाला तर पुण्याच्या जावयालाच विकावा लागतो.

उरली किंमत. भंगारवाला किलोचा भाव लावील. भांडेवाला ‘काकाजी, घट तर जाईलच’ म्हणत मोडीचा लावील आणि फरकात स्टीलचा डबा पुढे करील. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव. कोणी दिला का, ते तिथे लिहिलेले नसते. सर्वांत चढा भाव वाटणीच्या दिवशी निघतो. चाळीस वर्षे ज्याची वात कोणी लावली नाही, त्या दिव्यासाठी दोन भाऊ पंचांसमोर बसतात.

तेव्हा विकण्याआधी एक काम कराच. दिवा कोणी दिला, कुठल्या लग्नात, कोणत्या साली, हे एका चिठ्ठीवर लिहून दिव्याच्या दांड्याला दोऱ्याने बांधून ठेवा. ऑइलपेंटने दिव्यावर मात्र लिहू नका.