पाचशेचा काडीमोड

उस्मानाबादचं धाराशिव करायला मंत्रिमंडळाचा ठराव, केंद्राची परवानगी, राजपत्र आणि वर हायकोर्ट, एवढं सगळं लागलं. लग्न मोडायला मात्र आपल्याकडे एक बाँड पुरतो. पूर्वी तो शंभराचा होता, आता पाचशेचा. महागाई कुणाला सोडते!

कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच असतो. नाव, गाव, तालुका भरायचा. खाली ‘सदर फारकतनामा राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कसलीही नशापाणी न करता लिहून दिला असे.’ विसारपत्रालाही हेच शेपूट. दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का, चहा, आणि पाव्हणे आपापल्या गाडीला.

आता शिक्क्याचं ऐका. नोटरीला लग्न लावायचा किंवा मोडायचा अधिकार नाही, असं केंद्राच्या कायदा खात्याने ऑक्टोबर 2024 मध्ये लेखी बजावलंय. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जातीच्या रूढीतल्या काडीमोडाला जागा आहे, नाही असं नाही. पण ती रूढी जुनी आहे, अखंड चालत आलीय, हे सिद्ध करावं लागतं. कुठे? कोर्टात! म्हणजे जे चुकवायला निघालो, तिथंच मुक्काम.

तोवर पोरीचं दुसरं लग्न झालेलं असतं. पुढं हा दुसरा नवरा गेला आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायची वेळ आली, की भावकीतला कुणीतरी तोच बाँड काढून विचारतो, ‘कोर्टाचा हुकूमनामा कुठंय?’ पहिलं लग्न कायद्याने उभंच असेल, तर दुसरं मुळात लग्नच नाही. वर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम आहेच.

खरा रस्ता फार अवघड नाही. दोघांची संमती असेल तर वर्षभर वेगळं राहिल्यावर एकत्र अर्ज, मग सहा महिने थांबून पुन्हा एकदा ‘हो’. हे सहा महिनेही योग्य प्रकरणात माफ होतात, असं सुप्रीम कोर्टाने 2017 साली सांगितलं. पण धाराशिवच्या कळंब-वाशीकडं ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे साखर कारखान्याच्या हिशेबात एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली. तारीख लागते जानेवारीत, तेव्हा तो कोयता कुठल्या तरी फडात असतो. कायद्यात कोयता मोडायचं कलम नाही.

संमती नसली की पहिली नोटीस ठरलेली: ‘नांदायला या.’ रखमाबाईंवर 1884 साली त्यांचा नवरा दादाजी याने दावा लावला तो हाच. त्या म्हणाल्या, नांदण्यापेक्षा तुरुंग बरा. ते कलम अजून पुस्तकात आहे. मेख अशी, की हुकूम होऊन वर्षभर बायको आली नाही तर तेच घटस्फोटाचं कारण होतं. त्यामुळे नांदायला बोलावणारे बरेच जण मनात म्हणत असतात, येऊ नको बाई.

बायांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माहेरी राहत असाल तर माहेरच्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज करता येतो, सासरच्या गावी खेटे नकोत. आणि बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा कोर्टातच असतं. टायपिंगवाल्याच्या टेबलापासून पन्नास पावलं आत.